घरटी एक हात

"मॅडम, अँटीबॉडी काय आंबे आहेत का? मे महिन्यात भरपूर आणि नोव्हेंबरात एकही नाही?"

डॉ. दामल्यांनी माझा रिपोर्ट टेबलावर टाकला. ते मुंबईहून सकाळीच आले होते, उल्हासनगरात कॅम्प चारच्या आमच्या दोन खोल्यांच्या केंद्रात. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. एका मोठ्या संशोधन संस्थेचं हे छोटं पिल्लू होतं. माणसं तीन: मी सीरॉलॉजीची, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी मोजणारी टेक्निशियन, शिंदे फील्डवर आणि दामले सगळ्यांच्या डोक्यावर. ही १९९०च्या आगेमागेची गोष्ट.

"अकरा जणांचं प्रमाण उतरलंय," ते म्हणाले. "पहिल्या फेरीचं रक्त माझ्या टीमने घेतलं होतं. दुसऱ्या फेरीचं तुम्ही घेतलंत. काय समजायचं?"

काय समजायचं ते त्यांनी समजून टाकलं होतं. शुक्रवारी त्यांना कमिटीपुढे उभं राहायचं होतं. तोवर उत्तर मिळालं नाही तर चाळीसच्या चाळीस जोड्या कचऱ्यात, केंद्राला कुलूप आणि माझ्या नावापुढे 'निष्काळजी' हा शेरा. आणि वार होता मंगळवार.

आता जोड्या म्हणजे काय ते सांगते. बदलापूरच्या पुढे, धरणाच्या खालच्या अंगाला, डोंगराला टेकून एक वाडी आहे. चाळीस घरं. तिथे हिवताप पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा राहतो. पण गंमत अशी की ताप येतो तो पोरांना. म्हातारीकोतारी माणसं त्याच डासांत झोपतात आणि सकाळी उठून शेतावर जातात. कधी त्यांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडतातसुद्धा, पण ताप नसतो. कारण लहानपणापासून पुन्हापुन्हा मलेरिया होऊन त्यांच्या शरीराने त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केलेल्या असतात. शाळेच्या पुस्तकात यांना प्रतिपिंडं म्हणतात. जंतूला चिकटून बसायचं आणि त्याला कामाचा ठेवायचा नाही, हे त्यांचं काम. एका तापाने पुरेशा होत नाहीत. वर्षानुवर्षांची कमाई लागते, आणि माणूस गाव सोडून गेला की ती हळूहळू ओसरते.

लस करणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. या तगून राहिलेल्या माणसांच्या अँटीबॉडी जंतूच्या कुठल्या भागाला चिकटतात? तो भाग सापडला तर तेवढाच टोचायचा, म्हणजे ताप न येता शरीर शिकेल. जंतू मोठा बहुरूपी, डासातून येताना एक रूप, रक्तात शिरल्यावर दुसरं. म्हणून जगभर लोक असलं सीरम गोळा करत होते. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी. अँटीबॉडी त्यात असतात.

आमच्या वाट्याला आलेलं काम सोपं होतं. त्याच चाळीस माणसांचं रक्त पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घ्यायचं. पावसात डास चावणार, म्हणजे अँटीबॉडी वाढायला हव्यात. निदान तेवढ्याच राहायला हव्यात. मोजायची पद्धत अशी: काचेवर मलेरियाचे जंतू लावलेले असतात, त्यावर सीरम टाकायचं, मग चमकणारा रंग. अँटीबॉडी चिकटल्या असतील तर खास दिव्याखाली जंतू हिरवे चमकतात. सीरममध्ये पाणी वाढवत जायचं: वीसपट पातळ, मग चाळीसपट, असं दुप्पट-दुप्पट. विसाला चमकलं, चाळीसला चमकलं, ऐंशीला चमकलं. जिथे चमक संपते त्याच्या आधीचा आकडा लिहायचा. चौदा नंबरच्या जनाबाईंचा आकडा मे महिन्यात तीनशेवीस होता. नोव्हेंबरात विसालाही काळोख.

"फ्रीझर बंद पडला असेल," दामले म्हणाले. "उल्हासनगरची वीज."

"फ्रीझर बंद पडला असता तर सगळीच सीरम खराब झाली असती. अकरा निवडून कशी होतील?"

"मग नळ्या बदलल्या."

माझ्या हातून नळी बदलली, असं मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. माझ्या घरी मसाल्याच्या डब्यांवरही तारखेसकट लेबलं असतात. नवरा त्यावरून चेष्टा करतो. मी म्हटलं, "दोन दिवस द्या."

"शुक्रवारपर्यंत घ्या," ते म्हणाले आणि चहा न पिता गेले. हे वाईट लक्षण होतं. दामले चहा कधी सोडत नसत.

त्याच दुपारी मी अकराही जोड्या पुन्हा लावल्या. आकडे तेच आले. बुधवारी सकाळी मला एक युक्ती सुचली, आणि स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. रक्तगट माणसाचा जन्मभर बदलत नाही. आणि आपल्या गटाची खूण सीरममध्येही असते, तीही अँटीबॉडीच्याच रूपात. ए गटाच्या माणसाचं सीरम बी गटाच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतं. ओ गटाचं सीरम ए आणि बी दोन्हींच्या करतं. म्हणजे जुन्या सीरमवरूनही गट ओळखता येतो. मे आणि नोव्हेंबरचा गट एकच निघाला तर माणूस एकच असू शकतो. वेगळा निघाला तर दुसरा, शंकाच नको.

ए गटाच्या पेशी मी माझ्या बोटातून काढल्या. बी गटाच्या शिंद्यांच्या.

"मॅडम, मी रोज दुसऱ्यांना टोचतो," शिंदे बोट चोखत म्हणाले, "आज कळलं दुखतं." शिंदे हिवताप विभागातून आमच्याकडे उसने आलेले. वीस वर्षं या पट्ट्यातल्या घरांच्या भिंतींवर गेरूने तारखा लिहिलेला माणूस.

संध्याकाळी चारपर्यंत निकाल हातात होता. जनाबाई मे महिन्यात ओ, नोव्हेंबरात ए. अकरापैकी आठांचे गट बदललेले. मग मी उरलेल्या एकोणतीस जोड्याही तपासल्या, आणि तिथेही सहा निघाले. म्हणजे ज्यांचे आकडे शहाण्यासारखे वाढले होते त्यांच्यातही दुसरीच माणसं होती.

मी आनंदाने मुंबईला फोन लावला. "सर, रक्त उतरलेलं नाही. माणसं वेगळी आहेत. चौदा जोड्यांत रक्तगटच वेगळा."

मग दामले म्हणाले, "म्हणजे तुम्ही चौदा नळ्या बदलल्यात. मी अकराच धरत होतो."

फोन ठेवला. शिंदे माझ्याकडे बघत होते. रडायला येत होतं, आणि शिंद्यांसमोर रडायचं नव्हतं. मी रजिस्टर पिशवीत घातलं आणि निघाले.

स्टेशनकडे जाताना बाजारात बांगड्यांचं दुकान लागतं. काचेत हिरव्या बांगड्या रचलेल्या दिसल्या आणि एक उधारी आठवली. नोव्हेंबरात वाडीतल्या शाळेच्या पडवीत रक्त घेताना एका बाईचा हात मी गुडघ्यावर सरळ केला आणि तिच्या चुड्यातली एक बांगडी पिचकली. रांगेतल्या बायका हळहळल्या. "बांगडी वाढवलीन् बाईने," एकजण म्हणाली. नव्या चुड्यातली बांगडी वाढणं बरं नाही मानत. मला फार ओशाळं झालं. "पुढच्या खेपेला डझनभर आणीन," असं मी त्या हाताला वचन दिलं होतं. हाताला म्हणते, कारण तोंड मला आठवतच नव्हतं. आमच्या धंद्यात माणसाची शीर बघतात. चाळीस जण रांगेत असले की डोळे कोपराच्या वर जात नाहीत.

म्हटलं, नोकरी तर चाललीच आहे, निदान वचन पाळू. दुकानात शिरले. दुकानदार सिंधी, वयस्क, गालात पान.

"हिरव्या द्या. एक डझन."

"साइज?"

"ते माहीत नाही."

"अरे मॅडम, चूडी नाम से नहीं बिकती, हाथ से बिकती है. हाथ ले के आओ."

"हाथ दूर गाव में है."

"तो उमर बोलो. उमर से अंदाजा लगाता हूँ."

ती बांगडी वाढली तेव्हा मी चौदावी नळी भरत होते, हे मला पक्कं आठवत होतं, कारण त्या गडबडीत नंबर चुकू नये म्हणून मी तो मोठ्याने म्हटला होता. मी पिशवीतून रजिस्टर काढलं. चौदा. जनाबाई. वय पन्नास. शेजारच्या रकान्यात कुटुंबप्रमुखाचं नाव: स्वतः.

मी दोनदा वाचलं. त्या वाडीत बाई कुटुंबप्रमुख असते ती नवरा गेल्यावरच. विधवा बाईच्या हातात हिरवा चुडा?

"कितनी उमर?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

"लिखा पचास है," मी म्हटलं, "पर होगी बीस."

त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि सव्वादोनच्या मापाच्या बांगड्या कागदात बांधून दिल्या.

घरी, बेलवलीला, स्वयंपाक नवऱ्यावर सोडून मी रजिस्टर घेऊन बसले आणि गटांची बेरीज केली. मे महिन्यात एबी गटाचा एकच माणूस होता, नोव्हेंबरात चार. माझ्या नळ्या आपसात बदलल्या असत्या तर बेरीज तीच राहिली असती. हे तीन एबी काही माझ्या फ्रीझरमध्ये जन्माला आले नव्हते. ते वाडीतून आले होते, स्वतःच्या पायांनी. हे मला फोनवरच सुचायला हवं होतं. रागात माणसाला बेरीज सुचत नाही.

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी आणि शिंदे वाडीवर पोहोचलो. जनाबाईंच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. एक काटक बाई पेंढा आपटत होती. हात कोपरापर्यंत मोकळे. तिच्यामागे घराच्या दारात सूप घेऊन एक मुलगी उभी होती आणि तिच्या मनगटांवर हिरवा चुडा होता. एका हातात एक बांगडी कमी.

"जनाबाई कोण?" मी विचारलं.

"मी," काटक बाई म्हणाली.

"दिवाळीनंतर शाळेत रक्त दिलंत?"

"मी नाय दिलं. मागल्या टायमाला मी दिलं व्हतं. या टायमाला सुनंची पाळी. दर टायमाला माझंच का म्हून?"

मी शिंद्यांकडे बघितलं. शिंदे आभाळाकडे बघत होते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वाडीत गावकीच्या कामाला घरटी एक माणूस द्यायचा, असा नियम आहे. विहीर उपसायची असो, मयताला लाकडं आणायची असोत, घरटी एक. कोण जाणार ते घराने ठरवायचं. हाक घराच्या धन्याच्या नावाने मारतात, आणि जो येतो तो 'हां' म्हणतो. आमच्या रक्ताचंही त्यांनी तसंच धरलं. ज्या घरात कापणीची घाई होती त्या घराने हातचा मोकळा माणूस पाठवला. कोणी धाकटा भाऊ, कोणी सून, आणि एका घराने तर मुक्कामाला आलेला जावई पाठवला.

"दवंडी काय दिली होतीत, शिंदे?" मी विचारलं.

"घरटी एक माणूस या, अशी," शिंदे म्हणाले. "मॅडम, नावं घेऊन बोलावलं तर लोकांना पोलिसाचं वाटतं. घरटी एक म्हटलं की येतात. आणि त्या दिवशी मी वरच्या घरांकडून माणसं खाली पाठवत होतो, टेबलाशी कोण बसलं ते मला कुठे दिसलं?"

टेबलाशी मी होते. मला दिसायला हवं होतं. मी त्या मुलीला म्हटलं, "अगं, मी जनाबाई म्हणून हाक मारली, तू हात पुढे केलास!"

"मंग?" ती म्हणाली. "घर त्यांचंच हाय ना?"

तिचं नाव कुसुम. घाटावरची, हिवताप फारसा नसलेल्या गावची, मेच्या अखेरीस लग्न होऊन आलेली. महिनाभर राहिली आणि आखाड पाळायला माहेरी गेली. मग श्रावण म्हणून राहिली, गौरी झाल्या, दिवाळीही तिकडेच झाली. वाडीचा जवळजवळ सगळा पावसाळा तिने घाटावर काढला होता. रक्त दिलं तेव्हा परत येऊन आठवडा झाला होता. तिच्या सीरममध्ये अँटीबॉडी नव्हत्या यात नवल काहीच नव्हतं. नवल हे की माझी टेस्ट पहिल्यापासून बरोबर बोलत होती, आणि मी सोडून कोणी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतं. खरं सांगायचं तर मंगळवारी मीही डळमळले होते.

"म्हंजी माझ्यात हाय ते हिच्यात नाय?" जनाबाईंनी विचारलं.

"नाही. तुमच्यात चाळीस-पन्नास वर्षांच्या हिवतापाचं साठलंय. हिला इथला पहिला ताप आला तर तो जोरात येईल."

जनाबाईंनी पेंढी खाली ठेवली. आतापर्यंत ती बाई माझ्याशी भांडायच्या तयारीत होती. आता सुनेकडे बघत राहिली. मग पदराने हात पुसून तो माझ्यापुढे धरला. "मंग माझ्यातलं काढा नि हिला द्या. मला काय करायचंय येवढं?"

शिंदे हसले. मी हसले नाही. "जनाबाई," मी म्हटलं, "मोठमोठ्या डॉक्टरांना हेच सुचलं होतं. आफ्रिकेत तुमच्यासारख्या मोठ्या माणसांच्या रक्तातल्या अँटीबॉडी काढून आजारी पोरांना दिल्या. पोरांच्या रक्तातले जंतू कमी झाले. त्यावरूनच कळलं की राखण करणारं जे काही आहे ते यात आहे."

"मंग द्या की."

"ते उसनं असतं. थोड्या दिवसांत संपतं. आणि किती जणांचं काढणार? म्हणून लस शोधतायत. लस म्हणजे ताप न आणता शरीराला शिकवणं. मग ज्याचं त्याचं शरीर स्वतः करतं."

"कदी येनार ती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तोवर मच्छरदाणी. आणि अंग तापलं की त्याच दिवशी शिंद्यांना निरोप."

दोघींचं रक्त पुन्हा घेतलं. जनाबाईंनी मुकाट्याने दिलं. कुसुमने बाही वर केली, मी दिलेल्या बांगड्यांचा पुडा मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बाय, आता माझ्या नावानं लिवा."

लिहिलं. चौदाच्या खाली चौदा-अ, कुसुम. मग आम्ही चाळीसही घरं फिरलो आणि नोव्हेंबरात खरोखर कोणाचा हात होता ते लिहून घेतलं. तेवीस घरांनी मेमधलाच माणूस पाठवला होता. सतरांनी पाळी बदलली होती.

शुक्रवारी सकाळी दामल्यांसमोर मी चार नळ्या ठेवल्या. जनाबाईंची आत्ताची आणि मे महिन्यातली: दोन्ही ओ, आणि दोन्हींचा आकडा तीनशेवीस. कुसुमची आत्ताची आणि नोव्हेंबरातली 'जनाबाई': दोन्ही ए, दोन्ही काळोख. त्यांनी काचा स्वतः बघितल्या. पुन्हा बघितल्या. मग म्हणाले, "घरटी एक!" आणि एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"मॅडम, मी तुम्हाला नको ते बोललो."

"हो सर," मी म्हटलं. नाही-नाही म्हणायची पद्धत असते, पण मी तीन दिवस नीट झोपले नव्हते.

"चहा आहे का?" त्यांनी विचारलं. तेव्हा मला कळलं की केंद्र वाचलं.

कमिटीपुढे तेवीस जोड्या गेल्या आणि टिकल्या. उरलेल्या सतरांत चार घाटावरच्या सुना आणि तो जावई, असे पाच नवखे निघाले. आकडा उतरलेले बाकीचे सहा घरातलेच, पण वयाने लहान, कमाई अजून कमी असलेले. दामल्यांनी रिपोर्टात लिहिलं की तुलनेसाठी बाहेरून आलेल्यांचा एक छोटा गट 'समाविष्ट करण्यात आला'. जसं काही आम्ही बसून ठरवलं होतं. असो. माझ्या नावापुढचा शेरा तर गेला होताच.

पुढच्या पावसाळ्यात कुसुमला ताप आला. त्याच दिवशी शिंदे पोहोचले, कारण जनाबाई स्वतः चालत रस्त्यापर्यंत येऊन एसटीच्या कंडक्टरकडे निरोप देऊन गेल्या होत्या. स्लाइडवर मलेरिया निघाला. गोळ्या लगेच सुरू झाल्या आणि आठवड्यात पोरगी चुलीपुढे बसली. त्यानंतरच्या फेरीत चौदा-अ पहिल्यांदाच चमकलं. चाळीसपर्यंतच, पण हिरवं. मी जनाबाईंना सांगितलं तर त्या खूश. "आता आमच्या घरची झाली!"

"अशा सोयरिकीपेक्षा मच्छरदाणी बरी," मी म्हटलं. ती लावली नव्हती, दोघींनाही माझ्याकडून बोलणी बसली.

आता आफ्रिकेत पोरांना मलेरियाची लस देतात असं वाचते. त्यात आमच्या वाडीचा काही वाटा आहे का, कोणाला ठाऊक. असलाच तर चिमूटभर. मी रिटायर होईपर्यंत नवी पोरं हाताखाली आली की त्यांना पहिल्या दिवशी एवढंच सांगायचे: आधी तोंड बघा, मग शीर. आणि रजिस्टरात वय पन्नास असून हातात नवा हिरवा चुडा दिसला, तर सुई खाली ठेवा आणि नाव विचारा.